पत्र्याच्या होडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण सहसा देवालयापुरता राखून ठेविला आहे. घराची डागडुजी होते, गाडी दुरुस्त होते, भांड्यास कल्हई लागते; उद्धार होतो तो देवळाचा, तळ्याचा, फार तर एखाद्या धर्मशाळेचा. तेव्हा अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तलावांवर मासे धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, पन्नास-साठ वर्षांच्या ॲल्युमिनियमच्या होड्यांना हा शब्द लावलेला पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु परसदारी, झाडाखाली, पाला व पाणी यांनी भरून पडलेली अशी होडी उचलून आणावयाची, तिचे कुजलेले अवयव काढावयाचे, शाबूत असतील ते राखावयाचे आणि तिला पुन्हा पाण्यात सोडावयाची, हे काम त्या देशात हजारो माणसे मोठ्या निष्ठेने करीत असतात. त्यांच्या कामात जी अडचण उभी राहते ती देवालयाचा जीर्णोद्धार करणाऱ्यांस अपरिचित नाही. जुने ते कोठवर राखावे, आणि सोयीसाठी केलेला बदल मूळ वास्तूच्या जिवावर केव्हा उठतो, हा तो प्रश्न होय.

आधी धातूविषयी थोडे सांगितले पाहिजे. सोने, तांबे व लोखंड यांच्या मानाने ॲल्युमिनियम हे अगदी कालचे पोर आहे. पृथ्वीच्या कवचात ते विपुल असले तरी सुटे असे सापडत नाही. प्राणवायूशी त्याची मिठी इतकी घट्ट की ती सोडविण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1825 साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने त्याचा अशुद्ध कण वेगळा केला. पुढे साठ वर्षे त्याची गणना मौल्यवान धातूंत होत असे. 1884 साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर जो कळस बसविला तो मुद्दाम शंभर औंस ॲल्युमिनियमचा ओतविला होता. दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांस ठाऊक नसता विजेच्या साह्याने हा धातू स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधून काढली. दोघांचाही जन्म 1863 चा आणि मृत्यू 1914 चा. ज्योतिषशास्त्राच्या भक्तांनी यावर अवश्य विचार करावा.

आपल्याकडे हा धातू भांड्यांच्या रूपाने आला. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 मध्ये ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला. आपल्या घरांतून त्याला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ असे नाव पडले आणि ते आजीच्या तोंडून अद्याप ऐकू येते. पुढे 1970 च्या सुमारास बेळगावजवळ यमनापूर येथे बॉक्साइटापासून ॲल्युमिना काढण्याचा मोठा कारखाना उभा राहिला व राधानगरीकडच्या डोंगरमाथ्यावरील तांबडी माती तिकडे जाऊ लागली. सीमाभागातील वाचकांस म्हणून ही धातू परकी नाही.

आमसुलाचे सार किंवा चिंचेचा कोळ जर्मनच्या पातेल्यात ठेवू नये हे घरातील बायकांस कोणी शिकवावे लागत नाही. त्याचे कारण असे की या धातूवर हवा लागताच एक अतिसूक्ष्म, अदृश्य असे कवच आपोआप धरते व तेच त्याचे रक्षण करते. आंबट पदार्थ ते कवच खातो. कवचाला ओरखडा गेला तरी हवेच्या स्पर्शाने ते पुन्हा भरून येते. मात्र जेथे ओल आहे आणि हवा नाही, तेथे ते भरून येत नाही. दुसरे असे की ओलाव्यात तांब्याशी किंवा पितळेशी गाठ पडली तर हा धातू स्वतः झिजतो आणि तांबे सुरक्षित राहते. या दोन गोष्टी ध्यानात ठेविल्या म्हणजे पुढची सारी हकीकत सोपी होईल.

ॲल्युमिनियमची होडी करण्याची कल्पना धातू स्वस्त होताच निघाली. झुरिकच्या एशर विस कारखान्याने 1891-92 च्या सुमारास आल्फ्रेड नोबेल यांच्यासाठी ‘ल मिन्यों’ नावाची लहानशी नौका या धातूची बांधली. परंतु ज्या नौकेने शहाण्यांस धडा दिला ती ‘डिफेंडर’. नॅथानिएल हेरेशॉफ या विख्यात अमेरिकन नौकाशिल्पीने 1895 च्या अमेरिका-चषक शर्यतीसाठी ती बांधली. वजन वाचावे म्हणून पाण्याच्या वरचे पत्रे ॲल्युमिनियमचे, पाण्याखालचे कांशाचे आणि आतील बरगड्या पोलादाच्या, अशी तिची घडण होती. शर्यत तिने जिंकली. पण खाऱ्या पाण्यात तीन धातूंचा संसार एका घरात मांडल्यावर जे व्हावयाचे ते झाले: ॲल्युमिनियमला कीड लागली. 1899 मध्ये तिची डागडुजी करून दुसऱ्या नौकेच्या सरावासाठी तिला पुन्हा पाण्यात उतरविले, आणि 1901 मध्ये ती मोडीत निघाली. उणीपुरी सहा वर्षे तिचे आयुष्य. यानंतर बराच काळ नौकाबांधणीत या धातूचे नाव कोणी आदराने घेतले नाही.

त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती विमानांनी. तांब्याऐवजी मॅग्नेशियम व सिलिकॉन अल्प प्रमाणात घालून केलेले मिश्रधातू पाण्यास पुष्कळच दाद देईनासे झाले, आणि पातळ पत्रे रिव्हेटांनी जोडून बळकट कवच कसे करावे हे विमानांच्या कारखान्यांतील कारागिरांच्या हाडीमाशी खिळले. या कारखान्यांपैकी एकाचा वृत्तान्त येथे विस्ताराने सांगण्यासारखा आहे. लिरॉय ग्रुमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 जानेवारी 1930 रोजी लाँग आयलंडवरील बाल्डविन गावी एका गॅरेजात काम सुरू केले. विमाने बांधण्याइतके भांडवल जवळ नव्हते. म्हणून मोडलेली उभयचर विमाने दुरुस्त करणे आणि मालमोटारींच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या बनविणे, यावर आरंभीचा चरितार्थ चालला. त्यानंतर अमेरिकन आरमारासाठी विमानांचे तरंगते पाय त्यांनी बनविले. म्हणजे मोडके सांधणे आणि पत्रा पाण्यावर तरंगविणे, या दोनच विद्यांवर त्या संस्थेचा पाया घातला गेला. पुढे बेथपेज येथे स्थलांतर झाल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ‘हेलकॅट’ जातीची 12,275 लढाऊ विमाने बांधली.

युद्ध संपत आले तेव्हा त्या कारखान्यापुढे असा पेच पडला की एवढा पत्रा, एवढी यंत्रे आणि एवढे हात यांचे करावयाचे काय? त्याचे एक उत्तर अगदी अनपेक्षित दिशेने आले. कारखान्यातील विल्यम हॉफमन नामक अधिकारी 1944 मध्ये ॲडिरॉन्डॅक पर्वतातील सरोवरांवर सुटीसाठी गेले होते. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना लाकूड व कॅनव्हास यांची जड होडी खांद्यावर घेऊन चालावे लागे. हीच होडी विमानाच्या पत्र्याची केली तर, असा विचार त्यांच्या मनात आला. आणि 1945 मध्ये तेरा फुटी पहिली होडी तयार झाली. पत्रा साच्यावर ताणून एकेका बाजूचा अर्धा भाग घडवावयाचा, दोन्ही अर्धे मधल्या कण्याला जवळजवळ बसविलेल्या रिव्हेटांनी जोडावयाचे, ही रीत थेट विमानाच्या पंखांवरून उचललेली होती. 1952 मध्ये होड्यांचे काम न्यूयॉर्क राज्यातीलच मॅरेथॉन या खेड्यात हलविण्यात आले. बेथपेजच्या मूळ कारखान्यात पुढे चंद्रावर माणूस उतरविणारे यान बांधले गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. 1969 मध्ये ते चंद्रावर टेकले तेव्हा मॅरेथॉनच्या होड्या देशभर कोळ्यांच्या हाती खेळत होत्या.

ग्रुमन एकटे नव्हते. मिनेसोटा राज्यात सरोवरांची दाटी असल्यामुळे तेथे 1946 पासून ॲल्युमाक्राफ्ट व क्रेस्टलायनर हे कारखाने निघाले, आणि 1948 मध्ये हॉवर्ड लुंड यांनी आपल्या गॅरेजात पहिली होडी ठोकून जो उद्योग आरंभिला त्याचे नाव आजही कायम आहे. बारा ते सोळा फूट लांब, नाळेकडे निमुळती, पिछाडीस सपाट फळी, तिच्यावर टांगलेले लहान इंजिन आणि आत तीन आडवी बाके, असे या होडीचे रूप ठरून गेले. ती रंगाऱ्याची वा सुताराची वाट पाहात नसे. गिरणीकामगार, शेतकरी, शाळामास्तर अशा सामान्य माणसाच्या ऐपतीत पहिल्यांदाच स्वतःची होडी आली.

आता तिच्या म्हातारपणाविषयी. कोणासही असे वाटेल की जुन्या धातूच्या होडीत धातू सडला असेल. प्रत्यक्षात बहुधा पत्रा शाबूत असतो आणि त्याला टेकलेले बाकी सर्व गेलेले असते. पिछाडीच्या पत्र्यांच्या पोटात इंजिनाचे वजन पेलण्यासाठी जाड लाकडी फळी घातलेली असते. ती आतल्या आत कुजून भुसा होते. बाकांच्या पोकळीत हलका फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे तो पाणी पितो आणि होडी जड होत जाते. त्यातही वाईट म्हणजे हा ओला फोम पत्र्याला चिकटून बसतो. ओल आहे आणि हवा नाही. वर सांगितलेले कवच तेथे भरून येत नाही आणि पांढरी पूड धरून पत्र्यास टाचणीच्या अग्राएवढी भोके पडतात. तळाशी घसरून पडलेले तांब्याचे एखादे नाणे किंवा पितळी स्क्रूही हेच काम करतो.

आपल्या कोकणात व गोमंतकात काथ्याने शिवलेली होडी ज्यांनी पाहिली असेल त्यांस यापुढील काम परके वाटणार नाही. त्या होडीत फळ्या टिकतात, शिवण जाते. म्हणून ठरावीक काळाने ती उसवून नव्या काथ्याने शिवतात आणि काजूबियांच्या टरफलांचे तेल चोपडतात. पत्र्याच्या होडीत काथ्याची जागा रिव्हेटांची. लाटांच्या हादऱ्यांनी ती सैल होतात व होडी गळू लागते. गळती शोधण्याची रीत मोठी सोपी व मौजेची आहे: होडी घोडीवर चढवून तिच्या आत पाणी ओतावयाचे आणि बाहेरून जेथे थेंब लोंबेल तेथे खूण करावयाची. मग एकाने बाहेरून रिव्हेटाच्या डोक्यावर ठोकावयाचे आणि दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरावयाचा. शेपूट चेपून रिव्हेट पुन्हा घट्ट बसतो. भोकच मोठे झाले असेल तर ते आणखी रुंद करून मोठ्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो. हे काम एकट्याचे नव्हे, म्हणून घरातील मुलाबाळांस आत बसवून ठोकळा धरावयास लावतात. पोकळ रिव्हेट एकट्यालाही बसविता येतात, पण पाण्याखाली साधे पोकळ रिव्हेट म्हणजे गळतीला आमंत्रण. तेथे तोंड बंद असलेल्या जातीचेच हवेत. ‘एवढी खटपट कशाला, सांधे वितळवून जोडा’ असे काहीजण सुचवितात. परंतु उष्णतेचे संस्कार देऊन टणक केलेला हा पत्रा पुन्हा तापविला की सांध्याभोवती त्याचे बरेचसे बळ नाहीसे होते. ज्या कारागिरांनी मूळ होडी रिव्हेटांनी जोडली त्यांस वितळजोड येत नव्हता असे समजण्याचे कारण नाही.

पिछाडीची फळी नवी बसविणे हा जीर्णोद्धाराचा मुख्य विधी. जुन्या फळीचे तुकडे जुळवून तिचा नमुना काढावयाचा, दोन जाड प्लायवूड एकमेकांस चिकटवावयाचे आणि प्रत्येक कड व प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करावयाचे. येथे एक फसगत होते. घरासाठी मिळणारे, किडीपासून रक्षण केलेले लाकूड टिकाऊ म्हणून लोक आणतात. पण ते रक्षण तांब्याच्या क्षारांनी केलेले असते. 2003 च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती लाकडासाठी आर्सेनिकयुक्त द्रावण बंद झाले आणि त्याच्या जागी आलेल्या द्रावणांत तांब्याचे प्रमाण आणखी वाढले. असे लाकूड ओलसर पत्र्यास टेकले की ‘डिफेंडर’ची कथा परसदारी पुन्हा घडते. लाकूड साधे असावे आणि ते सील करण्यात कुचराई नसावी, हाच मार्ग खरा.

येथवर दुरुस्ती झाली. आता रूपांतर, आणि खरा धोका येथेच आहे.

1967 साली रे स्कॉट यांनी आर्कान्सामधील बीव्हर सरोवरावर बास माशांच्या मासेमारीची मोठी स्पर्धा भरविली व पुढच्या वर्षी त्यासाठी संस्था स्थापिली. त्या स्पर्धांबरोबर नव्या तऱ्हेची होडी लोकप्रिय झाली: नाळेपासून पिछाडीपर्यंत सपाट पाटातन, वर फिरती खुर्ची, पाटातनाखाली सामानाचे कप्पे. कोळी बसून नव्हे तर उभा राहून गळ फेकू लागला. नव्या होड्या फायबरग्लासच्या व महाग होत्या. ज्यांना त्या परवडत नव्हत्या त्यांनी वडिलांची जुनी पत्र्याची होडी बाहेर काढली, मधली बाके कापली आणि त्यांवर प्लायवूड व गालिचा अंथरला. ही चाल अर्धशतकावर चालत आली आहे.

बाक कापणाऱ्यास ते केवळ बसावयाचे आसन वाटते. वास्तविक ते आसन सर्वांत शेवटी आहे. ते दोन्ही बाजूंच्या पातळ पत्र्यांना एकमेकांपासून योग्य अंतरावर धरून ठेवणारी तुळई आहे. ते काढले की लाटेबरोबर बाजू आत-बाहेर होतात आणि नुकतीच घट्ट केलेली रिव्हेट पुन्हा सैल होतात. आणि त्याच्या पोटात होडीचा प्राण आहे. याचे गणित शाळकरी मुलासही करता येईल. एक घनफूट पाण्याचे वजन 62.4 पौंड, तेवढ्याच फोमाचे सुमारे 2 पौंड. म्हणजे एक घनफूट फोम बुडाला तर 60 पौंड भार वर उचलून धरतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड असल्यामुळे 200 पौंडांचे कवच पाण्याने भरून बुडाले तरी त्याचे सुमारे 126 पौंड वजन उरतेच. त्यात इंजिन व बॅटरी यांचे शंभरएक पौंड मिळवा. म्हणजे होडी तळाशी जाऊ नये एवढ्यासाठीच जवळजवळ 4 घनफूट फोम हवा, आणि तिला धरून तरंगणाऱ्या माणसांसाठी त्याहून पुष्कळ अधिक. तीन बाकांत मिळून समजा दहा घनफूट असतो. मधले बाक फेकणारा एक तृतीयांश जीवनरक्षण फेकतो, आणि वर प्लायवूडचे ओझे चढवितो. अर्ध्या इंच जाडीचे 8 बाय 4 फुटी एक पान 40 ते 50 पौंडांचे असते. शिवाय पाटातन उंच असल्यामुळे उभ्या माणसाचा भार वर जातो आणि होडी अधिक डुलते. लाकूड स्वतः तरंगते हे खरे. पण ते फोमाची भरपाई करण्याइतके नव्हे.

असा प्रकार देवालयांच्या बाबतीत आपण पाहात नाही काय? सभामंडप रुंद करावयाचा म्हणून मधला खांब काढला जातो, वरच्या लाकडी छताऐवजी काँक्रीट ओतले जाते, आणि मग जुन्या भिंतीस तडे का गेले याचा शोध चालतो. खांब भक्तांच्या दृष्टीआड येत होता हे खरे, परंतु तो तेथे कोणीतरी काही हेतूने उभा केला होता.

चांगले कारागीर म्हणून रूपांतर करतात ते वेगळ्या क्रमाने. बाक काढण्याआधी ते त्यातील फोम मोजतात. तो काढावाच लागला तर पाटातनाखाली दोन्ही बाजूंस व पिछाडीकडे, म्हणजे होडी बुडाल्यावर उलटू नये अशा जागी, तितकाच नवा, पाणी न पिणारा फोम भरतात. पत्रा व फोम यांमध्ये पाणी निथळण्यास फट ठेवतात. बाकाच्या जागी ॲल्युमिनियमची आडवी पट्टी रिव्हेटांनी ठोकतात. पुष्कळजण पाटातन प्लायवूडऐवजी पातळ ॲल्युमिनियमचेच करतात. खर्च वाढतो, वजन घटते. गालिचा मात्र बहुतेकांस सोडवत नाही. पायाला मऊ लागतो, आणि ओल धरून खालच्या पत्र्याला खातो.

1971 मध्ये अमेरिकेत नौकासुरक्षेचा कायदा झाला आणि लहान होड्या बुडाल्यावरही तरंगल्या पाहिजेत असे नियम त्यामागोमाग आले. हे नियम नव्या होड्या बांधणाऱ्या कारखानदारांस उद्देशून आहेत. परसदारी जुनी होडी कापणाऱ्याच्या हातातील करवतीवर नजर ठेवण्यास कोणी अधिकारी येत नाही. मूळ कारखान्यालाही विचारता येईलच असे नाही. ग्रुमनचा होड्यांचा व्यवसाय 1990 मध्ये दुसऱ्या कंपनीस विकला गेला व त्या कंपनीने 1996 मध्ये तो बंद केला. पुढे मॅरेथॉनमधील जुन्या कामगारांनी तो 2000 च्या सुमारास पुन्हा उभा केला, हे त्या खेड्याचे भाग्य. पण कित्येक कारखान्यांच्या होड्या पाण्यावर आहेत आणि कारखाने मात्र उरलेले नाहीत.

1972 च्या नोव्हेंबरपासून बांधलेल्या होडीवर एक लहान पाटी असते. किती माणसे आणि किती पौंड भार ती पेलू शकेल हे तिच्यावर कोरलेले असते. रंग खरवडताना जीर्णोद्धार करणारे ही पाटी हळुवारपणे काढून ठेवतात आणि अखेरीस घासूनपुसून पुन्हा त्याच जागी ठोकतात. तिच्यावरील आकडा मूळ होडीचा आहे. पाटातन, कप्पे, खुर्च्या व दुसरी बॅटरी यांचे मिळून 150 पौंड वाढले असतील तर ते त्या आकड्यातून वजा करावयाचे. म्हणजे तीन माणसांची पाटी असलेल्या होडीत दोघांनीच चढावयाचे आणि तिसऱ्याने काठावर थांबून आपल्या पाळीची वाट पाहावयाची.